ला सेल्वाच्या जंगलात दिसलेला लांब चोचीचा हमिंगबर्ड: ग्रीन हर्मिट की लाँग-बिल्ड हर्मिट?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फेब्रुवारीच्या शेवटी कोस्टारिकातल्या ला सेल्वा संशोधन केंद्राच्या पायवाटेवर, सकाळी साडेसहाच्या सुमारास, हेलिकोनियाच्या, म्हणजे केळीच्या नात्यातल्या एका झाडाच्या, फुलांवर एक हमिंगबर्ड आला. चोच लांब आणि खाली वळलेली, शेपटीतून दोन पांढरी पिसं बाहेर आलेली. तुमच्याकडे तीन फोटो आहेत आणि मोबाईलवर टिपलेला थोडासा आवाज. पक्षी ओळखणाऱ्या अ‍ॅपने पहिला फोटो बघून ग्रीन हर्मिट सांगितलं, बरोबरचे एकजण लाँग-बिल्ड हर्मिट म्हणाले, आणि तुमच्याकडच्या जुन्या पुस्तकात चित्र जुळलं ते लाँग-टेल्ड हर्मिटशी. तर हा नक्की कोण, आणि नर की मादी?

उत्तर आधी सांगतो: हा लाँग-बिल्ड हर्मिट आहे, शास्त्रीय नाव फेथॉर्निस लाँगिरोस्ट्रिस. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नर-मादीचं प्रकरण जरा लांबचं आहे, ते शेवटी घेतो.

आता हे कशावरून, ते नीट सांगतो. कारण नुसतं नाव कळून तुम्हाला पुढच्या वेळी काही उपयोग व्हायचा नाही. मध्य अमेरिकेच्या पावसाळी जंगलात हर्मिट गटाचे पक्षी पुन्हा पुन्हा भेटतात आणि दर वेळी असाच गोंधळ होतो.

सुरुवात रंगापासून करू, कारण अ‍ॅप तिथेच फसलं. आपण पक्षी बघायला शिकतो ते शिंजिरांवर. जांभळा शिंजीर उन्हात आला की रंग बघून नाव सांगता येतं, आणि ती सवय डोळ्यांत बसते. हमिंगबर्डच्या बाबतीत ही सवय पहिल्या दिवशीच मोडावी लागते. त्यांचे चमकदार रंग पिसांच्या बारीक रचनेतून तयार होतात. पिसांत मेलॅनिन या रंगद्रव्याच्या चपट्या कणांचे थर असतात, त्या कणांत हवेचे सूक्ष्म बुडबुडे असतात, आणि प्रकाश कोणत्या कोनातून पडतो त्यावर दिसणारा रंग ठरतो. पक्ष्याने मान जरा फिरवली की हिरवा गळा काळा होतो. हर्मिट तर मुळात तपकिरी, मातकट पक्षी. त्यांच्या पाठीवर कांस्याची थोडी झळाळी असते, तीही ठरावीक कोनातूनच हिरवी दिसते. त्यात भर जंगलातल्या प्रकाशाची. ला सेल्वात झाडोऱ्याखाली पोचणारा उजेड पानांतून गाळून येतो. रोपवाटिकेत हिरव्या शेडनेटखाली माणसांचे चेहरेही हिरवट दिसतात ना, तसंच. तुमच्या पहिल्या फोटोत मागची पानं, फुलाचा देठ, तुमच्या मित्राच्या टोपीची कड, सगळ्यावर तीच हिरवट छटा आहे. टोपी पांढरी आहे असं तुम्ही लिहिलंय. तिच्यावरून फोटोचा व्हाइट बॅलन्स दुरुस्त करून बघा, पक्ष्याची पाठ तपकिरी होईल आणि पोट राखाडीकडे झुकणाऱ्या बदामी रंगाचं दिसेल.

म्हणून या जंगलात मी रंगाकडे सर्वांत शेवटी बघतो. आधी जागा, मग आकार आणि ठेवण, मग पाठीमागचा भाग आणि चेहरा, मग आवाज.

जागेचं महत्त्व किती असतं हे महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला लवकर लक्षात येत नाही, कारण कोस्टारिकात थोड्या उंचीने पक्षी बदलतात. कोस्टारिका केवढा, तर आपल्या विदर्भाच्या जवळपास निम्मा. तेवढ्यात पन्नासच्या आसपास जातींचे हमिंगबर्ड. ते एकत्र राहू शकतात कारण त्यांनी डोंगर उंचीनुसार वाटून घेतले आहेत. ला सेल्वा हे एरेडिया प्रांतातल्या सारापिकी भागात, कॅरिबियन बाजूच्या सखल जंगलात आहे. उंची साधारण 35 ते 150 मीटर, पाऊस वर्षाला 4000 मिलिमीटरच्या घरात. ग्रीन हर्मिट हा डोंगरउतारांचा पक्षी, त्याचं खरं घर साधारण 500 मीटरच्या वर सुरू होतं. लाँग-बिल्ड हर्मिट सखल ओल्या जंगलाचा. मधल्या पट्ट्यात दोघे भेटतात आणि तिथे खरंच बारकाईने बघावं लागतं. ग्रीन हर्मिट कधीमधी खाली उतरू शकतो, त्यामुळे केवळ उंचीवरून निकाल देऊ नये. पण ला सेल्वात मोठा हर्मिट दिसला तर लाँग-बिल्ड धरून चालावं आणि ग्रीन म्हणणाऱ्याने पुरावा द्यावा, असं माझं मत आहे. अ‍ॅपला ठिकाण आणि तारीख दिली नसेल तर हे गणित त्याच्या हिशेबात येतच नाही. तुम्ही फोटो नंतर हॉटेलवर बसून टाकला होता, त्यामुळे ठिकाण नोंदलं गेलं होतं का ते एकदा तपासा.

आता पक्ष्याकडे. पहिल्या फोटोत चोच फुलाबाहेर निम्मी दिसतेय. तेवढीही डोक्याच्या लांबीपेक्षा जास्त आहे. या पक्ष्याची चोच साधारण चार सेंटिमीटर भरते, आणि पक्ष्याचं वजन मात्र सहा ग्रॅमच्या आसपास. चोचीचा वरचा भाग काळा, खालच्या भागाचा तळ पिवळसर-नारिंगी. ग्रीन हर्मिटमध्ये हा खालचा भाग लालसर असतो. मात्र हेही रंगाचंच लक्षण, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबू नका. विशेषतः मागे लाल हेलिकोनिया असेल तेव्हा, कारण लाल रंगाचं प्रतिबिंब चोचीवर येतं.

तुमचा दुसरा फोटो, जो तुम्ही 'वाया गेलेला' म्हणून जवळजवळ पाठवलाच नव्हता, तो माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचा आहे. पक्षी पाठ करून निघालाय, डोकं दिसत नाही, पंख नुसते धूसर. पण कंबर स्पष्ट आहे. पाठ संपते आणि शेपूट सुरू होते तो भाग मोठा करून बघा: फिकट बदामी रंगाच्या कडा असलेली पिसं एकाखाली एक, त्यामुळे आडवे पट्टे दिसतात. हे लाँग-बिल्ड हर्मिटचं लक्षण. ग्रीन हर्मिटची कंबर निळसर-हिरवी असते आणि तिथे असा बदामी रंग दिसत नाही. प्रकाशाने तपकिरी पाठ हिरवी होऊ शकते, पण नसलेले पट्टे उमटत नाहीत. नुसत्या या फोटोवर मी सही करायला तयार आहे.

त्याच फोटोत शेपूट. मधली दोन पिसं बाकीच्यांपेक्षा खूप लांब, पांढरी, निमुळती. ग्रीन हर्मिटच्या नरात ही पांढरी टोकं आखूड असतात, मादीत लांब. म्हणजे लांब पांढरी शेपूट दिसली की ग्रीन हर्मिटची मादी हा पर्याय उरतोच, आणि गोंधळ खरा होतो तो तिच्याशी. तिच्या चेहऱ्यावर पट्टेही ठळक असतात. इथे पुन्हा कंबर आणि पोट कामाला येतं: तिचं पोट गडद राखाडी, आपल्या पक्ष्याचं फिकट. नराशी तुलनाच नको, तो एकूणच गडद निळसर-हिरवा असतो.

चेहरा तिसऱ्या फोटोत चांगला आलाय. डोळ्यावरून जाणारा गडद पट्टा, वर फिकट भुवई, खाली फिकट गालरेषा, आणि गळ्याच्या मधोमध उतरणारी एक फिकट रेघ. एक सावधगिरी मात्र हवी. पहिल्या फोटोत कपाळावर पिवळट डाग दिसतोय आणि तुम्ही तो 'ओळखीची खूण' म्हणून लिहिलाय. तो परागांचा आहे. हेलिकोनियाच्या वेगवेगळ्या जाती पक्ष्याच्या अंगावर वेगवेगळ्या ठिकाणी पराग लावतात, कुठली कपाळावर, कुठली हनुवटीवर, कुठली चोचीच्या तळाशी. हमिंगबर्डच्या कपाळावर किंवा हनुवटीवर पुस्तकात नसलेला पिवळा-पांढरा ठिपका दिसला की आधी परागांचा संशय घ्यावा. असाच आणखी एक फसवा प्रकार म्हणजे नाकपुड्यांजवळचे बारीक ठिपके. फुलांत राहणारे सूक्ष्म माइट हमिंगबर्डच्या नाकपुड्यांत बसून एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जातात. पक्षी मध पीत असतो त्या काही क्षणांत ते चोचीवरून धावत चढतात-उतरतात. रॉबर्ट कॉलवेल यांनी या माइटचा अनेक वर्षं अभ्यास केला. तुमच्या फोटोत ते दिसत नाहीत, पण पुढे कधी चांगला क्लोजअप मिळाला तर शोधून बघा, मला फार आवडणारी गोष्ट आहे ही.

सखल जंगलातले बाकीचे उमेदवार पटकन बाद करू. स्ट्राइप-थ्रोटेड हर्मिट जेमतेम नऊ सेंटिमीटरचा, अडीच ग्रॅमच्या आसपास, पोट तांबूस, एखादा मोठा कीटकच वाटतो. ब्राँझी हर्मिटची आणि बँड-टेल्ड बार्बथ्रोटची शेपूट गोलाकार, मधली पिसं लांब नसतातच. पहिल्याच्या शेपटीचा तळ तांबूस, दुसऱ्याचा पांढरा. व्हाइट-टिप्ड सिकलबिलची चोच जवळपास काटकोनात वळलेली असते, पोटावर रेघोट्या असतात आणि तो फुलावर चक्क बसून मध पितो. तुमचा पक्षी हवेत थांबून पीत होता. इथे आपल्या कोळीखाऊची आठवण तुम्ही काढलीत ती रास्त आहे. कोकण-गोव्यात रानकेळीच्या फुलांवर येणारा तो पक्षीही लांब वाकड्या चोचीचा, आणि केळ व हेलिकोनिया या नात्यातल्या वनस्पती. नातं पक्ष्यांचं मात्र नाही. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहेत, आणि कोळीखाऊ आपल्या शिंजिरांच्या कुळातला.

हेलिकोनियाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण पक्षी कोणत्या फुलावर आणि कसा येतो हीदेखील ओळख आहे. आपल्याला जे लाल-पिवळं 'फूल' दिसतं ती सहपत्रं, म्हणजे फुलांना झाकणारी रंगीत पानं. खरी फुलं त्यांच्या आत दडलेली, नळीसारखी, आणि एक फूल एकच दिवस टिकतं. गॅरी स्टाइल्स यांनी 1975 साली ला सेल्वातल्या हेलिकोनियांवर मूलभूत काम प्रसिद्ध केलं. त्यांनी दाखवलं की काही जाती हर्मिटवर अवलंबून असतात: लांब वाकडी नळी, एका वेळी थोडी फुलं, पण मध भरपूर. काही जाती एका जागी पुष्कळ फुलं देतात आणि तिथे आखूड चोचीचे भांडखोर हमिंगबर्ड ठाण मांडून बसतात. हर्मिट ठाण मांडत नाही. त्याचा ठरलेला फेरा असतो. एका झुडपावर काही सेकंद, मग जंगलातून सुसाट पुढच्या झुडपाकडे, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा पहिल्याकडे. तुम्ही लिहिलंय की तो 'आला, दोन फुलांत चोच घातली आणि गेला, नंतर तासभर थांबलो तरी कोणी आलं नाही, मग अचानक पुन्हा'. हे हर्मिटचं वागणं आहे. झुडपाजवळच बसून राहून दुसऱ्यांना हाकलणारा पक्षी दिसला असता तर मी रूफस-टेल्ड हमिंगबर्डसारख्या वेगळ्या गटाकडे वळलो असतो.

चोच आणि फूल यांचं नातं किती घट्ट असावं याचं एक सुंदर उदाहरण कोस्टारिकाच्या दक्षिणेकडच्या लास क्रूसेस भागातलं आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हेलिकोनिया टॉर्टुओसा या जातीवर असं दिसलं की लांब वाकड्या चोचीचे पक्षी, म्हणजे ग्रीन हर्मिट आणि व्हायलेट सेबरविंग, येऊन गेले की फुलात परागनलिका, म्हणजे परागकणांतून बीजांडाकडे वाढणाऱ्या नळ्या, जास्त वाढतात. फुलाच्या तळापर्यंत पोचून मध संपवणाऱ्या पाहुण्याला झाड जणू ओळखतं. मी पक्षी ओळखताना चोचीच्या वळणाला इतकं महत्त्व देतो ते उगीच नाही.

आता आवाज. रेकॉर्डिंगमध्ये नदीचा आणि रातकिड्यांचा गलका आहे, पण हेडफोन लावून ऐकलं की एकच कोरडा सूर ऐकू येतो: चुर्प, चुर्प, चुर्प, साधारण सेकंदाला एक, न थकता. आणि मागे अंतरावर तसाच दुसरा, किंचित वेगळा. तुम्ही नरांच्या गाण्याच्या अड्ड्याशेजारी उभे होता! पक्षीशास्त्रात याला लेक म्हणतात. लाँग-बिल्ड हर्मिटचे नर ओढ्याजवळच्या दाट झुडपांत, जमिनीपासून कमरेच्या आतबाहेर उंचीवर, एकमेकांना ऐकू येतील अशा अंतरावर बसतात, शेपूट खालीवर हलवतात आणि दिवसभर गातात. कोरडे महिने सुरू होण्याच्या सुमारास हे सुरू होतं आणि पुढे कित्येक महिने चालतं. तोच अड्डा वर्षानुवर्षं त्याच जागी असू शकतो. माद्या येतात, नर निवडतात, निघून जातात. घरटं आणि पिल्लं हा सगळा भार एकट्या मादीवर. घरटं पाम किंवा हेलिकोनियाच्या पानाच्या टोकाला, आतल्या बाजूने, कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी चिकटवलेलं असतं, आत दोन अंडी.

अ‍ॅपला आवाजही ओळखता आला नाही याचं नवल नाही. हमिंगबर्ड गाणं शिकतात. पक्ष्यांमध्ये ही क्षमता गाणारे पक्षी, पोपट आणि हमिंगबर्ड अशा तीनच गटांत ठामपणे माहीत आहे. एकाच अड्ड्यात शेजारी बसणाऱ्या नरांचे गट असतात, प्रत्येक गटाचा सूर थोडा वेगळा, आणि नवा नर शेजाऱ्यांचा सूर उचलतो. म्हणून तुमच्या रेकॉर्डिंगमधला दुसरा आवाज वेगळा वाटतो, त्यासाठी दुसरी जात असण्याची गरज नाही. सूर नेमका कसा आहे यापेक्षा एकच सूर, ठरावीक लयीत, कमी उंचीवरून, एकाहून जास्त ठिकाणांहून येतोय, हा सगळा साचा लक्षात ठेवा. स्ट्राइप-थ्रोटेड हर्मिटही अड्डा करतो, पण त्याचं गाणं बारीक, चिरकं आणि बऱ्याच सुरांचं असतं.

अशा जागी मोबाईलवरून त्याचाच आवाज वाजवू नका, एवढी कळकळीची विनंती. नर आपली जागा सोडून घुसखोर शोधत फिरतो, आणि तेवढ्यात खरा प्रतिस्पर्धी ती जागा घेऊ शकतो. फ्लॅशही टाळा. तो पिसांची झळाळी खोटी करून टाकतो, ओळखायला फोटो निरुपयोगी होतो.

जुन्या पुस्तकाबद्दल: ते चूक नाही. पूर्वी मेक्सिकोपासून अ‍ॅमेझॉनपर्यंतचे हे पक्षी एकच जात, लाँग-टेल्ड हर्मिट, म्हणून धरत. 1989 मधल्या कोस्टारिकाच्या प्रसिद्ध मार्गदर्शिकेतही तेच नाव आहे. पुढे ती जात विभागली गेली, मध्य अमेरिकेतला आणि दक्षिण अमेरिकेच्या वायव्य टोकाचा पक्षी लाँग-बिल्ड झाला आणि लाँग-टेल्ड हे नाव दक्षिण अमेरिकेतल्या नातेवाइकाकडे राहिलं. त्यामुळे तुमचं चित्र बरोबर जुळलं, फक्त नाव आजचं लिहा. स्टाइल्स आणि लॅरी वुल्फ यांचा 1979 चा ला सेल्वातल्या अड्ड्यांवरचा मोठा अभ्यासही लाँग-टेल्ड याच नावाने आहे. तुम्ही शोधायला गेलात तर नवीन नावाने तो सापडणार नाही.

राहिलं नर की मादी. तुम्ही तिन्ही फोटो एकाच पक्ष्याचे धरलेत. मला तसं वाटत नाही. पहिले दोन फोटो फुलांपाशी, लागोपाठचे आहेत, ते एकाच पक्ष्याचे असावेत. तिसरा तुमच्याच सांगण्यानुसार अर्ध्या तासाने, ओढ्याच्या वळणावर. तिथे पक्षी बारीक फांदीवर बसलाय, चोच उघडी, शेपूट वर उचललेली, आणि आवाजही तिथलाच. हा अड्ड्यावर गाणारा नर. आणखी एक पुरावा चोचीच्या टोकाशी आहे. आलेहांद्रो रिको-गेवारा आणि मार्सेलो अराया-सालास यांनी 2015 मध्ये याच जातीबद्दल दाखवून दिलं की प्रौढ नरांच्या चोचीचं टोक माद्यांपेक्षा आणि पिल्लावस्थेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या नरांपेक्षा जास्त लांब आणि टोकदार असतं. अड्ड्यावरच्या झटापटीत नर एकमेकांच्या गळ्याशी त्या टोकाने भोसकतात, आणि अणकुचीदार चोचीच्या नरांना जागा टिकवणं जास्त जमतं. तिसऱ्या फोटोत टोक सरळ आणि सुईसारखं निघालंय, ते याच्याशी जुळतं. फोटोवरून टोकाचा निवाडा करणं धाडसाचं असतं हे खरं, पण गाणं आणि जागा सोबत असल्यामुळे मी नर म्हणायला कचरत नाही.

पहिल्या दोन फोटोंतला पक्षी नर आहे की मादी हे सांगता येणार नाही. पिसाऱ्यात दोघे सारखेच, आणि पहिल्या फोटोत चोचीचं टोक फुलात गेलंय. नोंद करताना एकूण पक्षी दोन लिहा, त्यातला एक गाणारा नर, दुसऱ्याचं लिंग अनिश्चित. आणि पहिल्या फोटोच्या आधीचे-नंतरचे बर्स्टमधले फोटो अजून कार्डावर असतील तर पाठवा. चोच फुलाबाहेर असलेली एखादी फ्रेम आणि पाठीच्या पिसांच्या कडा दिसणारी एखादी मिळाली, तर निदान पक्षी प्रौढ आहे की त्याच वर्षीचं पिल्लू, हे नक्की सांगता येईल. पिल्लांच्या पिसांना पिवळसर-बदामी कडा असतात आणि वरच्या चोचीवर बारीक खाचा दिसतात.